एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला रेडिएशन बायॉलॉजीच्या संशोधनासाठी तयार करताना: यंत्राआधी गणित, गणितानंतर प्लेट

चौथ्या सत्रात एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रकल्पासाठी ट्रॉम्बे, खारघर, दिल्लीच्या प्रयोगशाळांत जातात. हातात जेमतेम सहा महिने. त्यातला बराचसा काळ पेशी नीट मोजायला शिकण्यात जातो. शेवटी घाईघाईने एकदा गॅमा डोस दिला जातो, तीन प्लेटांची सरासरी निघते आणि प्रबंधात ‘४ ग्रे डोस दिला’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या स्रोतातून, मिनिटाला किती ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या डोसचं एकक), पेशींवर त्या वाढवायच्या द्रव माध्यमाचा थर किती, डोस न दिलेली तुलनेची कंट्रोल प्लेट त्या वेळी कुठे होती, यातलं काहीच नाही. पीएच.डी.च्या मुलाखतीत बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं.

याचं मूळ शिकवण्याच्या क्रमात आहे. आपण आधी यंत्र दाखवतो, मग गणित सांगतो आणि कंट्रोलचा विचार सर्वांत शेवटी करतो. खालचा क्रम विभागातल्या शिक्षकांसाठी आहे. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला, म्हणजे जून-जुलैत हात घातला तर जानेवारीपर्यंत तयार विद्यार्थी हाती येतो. विद्यार्थी स्वतः वाचत असेल तर त्यानेही हाच क्रम धरावा, फक्त परवानग्यांसाठी सरांच्या किंवा मॅडमच्या मागे लागावं.

## टप्पा १: जमवाजमव

पहिला प्रश्न: रेडिएशन देणार कोण? आपल्याकडच्या विभागांसमोर साधारण तीन रस्ते असतात.

जवळच्या संस्थेत गॅमा चेंबर, म्हणजे आत किरणोत्सारी स्रोत असलेलं नमुन्यांना डोस देणारं बंदिस्त यंत्र, असेल तर उत्तम. नसेल तर शहरातल्या कर्करोग रुग्णालयाचा रेडिओथेरपी विभाग. तिथे लिनॅक (किरणोपचाराचं रेषीय त्वरक यंत्र) असतो, त्याचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी होतं आणि मुख्य म्हणजे डोसचं मोजमाप पाहणारा मेडिकल फिजिसिस्ट असतो. रुग्णांचं काम संपल्यावर अर्धा तास मिळाला तरी पुरतो. हा रस्ता महाविद्यालयांच्या लक्षातच येत नाही. तिसरा रस्ता म्हणजे बियांसारखे नमुने भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी पाठवून डोस देऊन परत आणणं.

कुठलाही रस्ता घ्या, परवानगी लेखी घ्या. विभागप्रमुखांचं पत्र, नमुना कोणता, एकूण किती ग्रे, कोण हजर राहणार, सगळं त्यात यावं. अणुऊर्जा विभागाच्या संस्थांत विद्यार्थ्याला आत जायचं असेल तर पोलीस पडताळणी लागते आणि ती आपल्या सोयीने होत नाही. जानेवारीत जायचं असेल तर दिवाळीआधी कागद द्या.

माणसाचं रक्त वापरणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती हवी. उंदीर वापरणार असाल तर प्राणी-प्रयोगांची संस्थात्मक समिती वेगळी. माझं मत विचाराल तर एम.एस्सी.च्या पातळीवर उंदीर नकोतच. मंजुरी येईपर्यंत सत्र संपतं.

सावधान: स्रोत मिळत नाही म्हणून लॅमिनार हूडमधल्या यूव्ही दिव्याखाली प्लेट ठेवून त्याला ‘रेडिएशन बायॉलॉजीचा प्रकल्प’ म्हणू नका. २५४ नॅनोमीटरचा यूव्ही अणूंचं आयनीभवन करत नाही. त्याने डीएनएत मुख्यतः पिरिमिडीन डायमर (एकाच धाग्यातल्या शेजारच्या दोन घटकांची चिकटलेली जोडी) तयार होतात, तर गॅमा किरणांची महत्त्वाची इजा म्हणजे दोन्ही धागे तुटणं. दुरुस्तीचे मार्ग वेगळे, एककंही वेगळी. यूव्हीचा प्रयोग यूव्हीच्या नावानेच करा.

## टप्पा २: डोसचं गणित, फक्त कागदावर

दोन आठवडे प्रयोगशाळेत जायचंच नाही. वही, पेन आणि कॅल्क्युलेटर.

सुरुवात ग्रे म्हणजे काय इथून. एका किलोग्रॅममध्ये एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. मग विद्यार्थ्याला विचारा, ४ ग्रेने पाणी किती तापेल? उत्तर येतं अंशाचा सुमारे हजारावा भाग. आता त्याला सांगा, की संपूर्ण शरीराला ४ ग्रे एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांच्या आत दगावतात. उष्णतेने काही होत नाही, मग मारतं कोण? इथून डीएनएकडे वळलात की पुढचं व्याख्यान आपोआप ऐकलं जातं. एक ग्रेला प्रत्येक पेशीत साधारण हजार एकधागी तुटी आणि ३०-४० दोनधागी तुटी होतात, हे आकडे त्याला तोंडपाठ हवेत.

दुसरं गणित क्षयाचं. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं. समजा, चेंबरवरच्या प्रमाणपत्रात दोन वर्षांपूर्वीचा डोस रेट मिनिटाला २ ग्रे लिहिलाय. आज तो २ गुणिले ०.७७, म्हणजे मिनिटाला सुमारे १.५४ ग्रे झालाय. ४ ग्रेसाठी २ मिनिटं ३६ सेकंद हवीत. जुन्याच आकड्यावर २ मिनिटं ठेवलं तर पेशींना ३.०८ ग्रेच मिळतील आणि आलेखावर मात्र ४ लिहिलं जाईल. कोबाल्टचा डोस रेट महिन्याला सुमारे १.१ टक्के उतरतो, त्यामुळे ‘मागच्या बॅचने वापरलेली वेळ’ कधीच उचलायची नाही.

तिसरी गोष्ट आत जायच्या आणि बाहेर यायच्या वेळेची. नव्याने भरलेल्या गॅमा चेंबरचा डोस रेट ताशी किलोग्रेमध्ये असतो. ताशी ३.६ किलोग्रे म्हणजे सेकंदाला १ ग्रे. अशा यंत्रात २ ग्रे द्यायचे तर नमुना खाली उतरताना आणि वर येतानाच त्याहून जास्त डोस लागू शकतो. पेशींच्या कामाला असं यंत्र सरळसरळ गैरसोयीचं. ते बियांना आणि पॉलिमरला ठीक. पेशींसाठी जुना झालेला स्रोत, मुद्दाम कमी डोस रेट ठेवलेली सोय किंवा रुग्णालयाचं यंत्र पाहा.

लिनॅकवर जाणार असाल तर चौथी गोष्ट. यंत्रावर मॉनिटर युनिट (यंत्राने किती किरण सोडले याचं त्याचं स्वतःचं माप) दिसतात आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो, की ४०० युनिट म्हणजे ४ ग्रे. ते ठरावीक अंतर, ठरावीक क्षेत्र आणि ठरावीक खोलीलाच खरं असतं. ६ एमव्ही किरणांचा डोस कमाल पातळीला पोचायला सुमारे दीड सेंटिमीटर पाण्याइतका थर लागतो, कोबाल्टला सुमारे अर्धा सेंटिमीटर. फ्लास्कच्या तळाशी चिकटलेल्या पेशींवर माध्यमाचा थर असतो दोन-तीन मिलिमीटरचा. त्यामुळे मध्ये ॲक्रिलिकची किंवा पाणीतुल्य पट्टी हवी. किरण खालून दिले तर पेशींच्या वरच्या हवेची पोकळी आड येत नाही, म्हणून बरेच जण गॅन्ट्री, म्हणजे यंत्राचा फिरता हात, खाली फिरवून घेतात. आकडा ठरवण्याचं काम फिजिसिस्टचं. विद्यार्थ्याने तो समजून घेऊन वहीत उतरवायचा.

तपासणी: विद्यार्थ्याला एक स्रोत, एक जुनी तारीख आणि पाच डोस द्या. प्रत्येक डोसची वेळ त्याने कुणाला न विचारता काढून दाखवली तरच पुढे.

## टप्पा ३: बियांवर तालीम

पेशींआधी बिया घ्या. परवानगीचा व्याप कमी, प्रवासात मरत नाहीत आणि डोस-प्रतिसाद डोळ्यांनी दिसतो. मूग घ्या. ०, १००, २००, ३००, ४००, ५०० ग्रे अशी रांग ठरवा. बिया एकाच लॉटच्या हव्यात आणि ओलावा सगळ्यांचा सारखा, १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास. अति कोरड्या बियांवर ऑक्सिजनचा परिणाम फार होतो आणि दोन वर्गमित्रांचे आलेख जुळत नाहीत.

परत आलेल्या बिया एकाच दिवशी, एकाच मातीत पेरा. शून्य ग्रेच्या बियांनीही तोच प्रवास केलेला असावा. उगवण आणि रोपाची उंची, दोन्ही मोजा. निम्मी वाढ खुंटवणारा डोस आलेखावरून काढायला लावा.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त उगवण मोजणं. भरपूर डोस खाल्लेलं बीसुद्धा साठवलेल्या अन्नावर कोंब काढतं, पुढे रोप जागच्या जागी थांबतं. जिवंत दिसणं आणि वाढत राहण्याची क्षमता असणं यांतला फरक मुलांना मुगाच्या ट्रेमध्ये जितका पटतो तितका फळ्यावर पटत नाही. पुढचा टप्पा याच फरकावर उभा आहे.

## टप्पा ४: रेडिएशनशिवाय कॉलनी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, निदान दोन महिने. आणि या दोन महिन्यांत रेडिएशनचं नावही काढू नका.

कॉलनी तयार करण्याची चाचणी हा या विषयाचा पाया आहे. एकटी पेशी विभागत जाऊन ५० किंवा त्याहून जास्त पेशींचा पुंजका करते का, एवढंच पाहायचं असतं. एमटीटीसारखी रंगाची चाचणी एका दिवसात उरकते म्हणून मुलं तिच्याकडे धावतात. पण डोसनंतर २४ तासांनी पेशी श्वास घेत असते, रंगही देते, आणि दोन-तीन विभाजनांनंतर मरते. एमटीटीवर काढलेला ‘जगण्याचा’ आलेख म्हणून फसवा असतो.

१. पेशी निवडा. हेला, सीएचओ, व्ही७९ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या कॉलन्या सुटसुटीत येतात. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सकडून मागवा. शेजारच्या प्रयोगशाळेतून आलेली, लेबल पुसलेली व्हायल घेऊ नका. मायकोप्लाझ्माची (कल्चर दूषित करणाऱ्या सूक्ष्म जीवाणूची) तपासणी करून मगच वापरा.

२. ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) दिल्यावर पेशी पूर्ण सुट्या झाल्यात का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दोन पेशी चिकटलेल्या राहिल्या तर एक मेली तरी दुसरी कॉलनी करते, आणि जगण्याचा आकडा फुगतो.

३. हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटींच्या काचेवर) किमान २०० पेशी मोजल्या जातील असं पाहा. मग मिलिलिटरमागे हजारापर्यंत एकास दहा असं पायरीपायरीने विरळ करा. दर पायरीला नीट ढवळा, टिप बदला. पेशी तळाशी बसायला फार वेळ लागत नाही.

४. प्रत्येक प्लेटमध्ये २०० पेशी टाका आणि मग प्लेट हलवू नका. गोल फिरवली की सगळ्या कॉलन्या मधोमध गोळा होतात.

५. व्ही७९ ला आठवडाभर पुरतो, हेलाला १० ते १४ दिवस. मग क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजा.

२०० पैकी १२० कॉलन्या आल्या तर प्लेटिंग एफिशियन्सी ०.६. हा आकडा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खेपेच्या पेशींवर काढा. सीरमची बाटली बदलली की पुन्हा काढा.

तपासणी: लागोपाठ तीन स्वतंत्र प्रयोगांत आकडा एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. एकदा ०.६, पुढे ०.३५, मग ०.७ असं येत असेल तर दोष बहुधा मोजण्यात किंवा पिपेटमध्ये आहे. इथे अडलेल्या विद्यार्थ्याला स्रोतापर्यंत नेऊन काही साधत नाही. रेडिएशनचा परिणाम आणि हाताची चूक त्याला वेगळी करता येणार नाही.

## टप्पा ५: सुरक्षा, गाडीत बसण्याआधी

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत उघडला गेला. एक कामगार दगावला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. तो स्रोत दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाच्या जुन्या, वापरात नसलेल्या गॅमा चेंबरमधला होता. यंत्र लिलावात भंगारात गेलं होतं. सुरक्षेचा तास मी याच घटनेपासून घ्यायला सांगते. कारण ‘विद्यापीठात कसला आलाय धोका’ ही समजूत त्यानंतर उरत नाही.

नियमांचा गाभा छोटा आहे. यंत्र प्रशिक्षित आणि अधिकृत व्यक्तीच चालवणार. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण, त्यांचा फोन कुठे लावलाय, हे विद्यार्थ्याला माहीत हवं. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या मर्यादेनुसार रेडिएशनचं काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि सामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. पेशींचा डोस ग्रेमध्ये, माणसाच्या संरक्षणाचा सीव्हर्टमध्ये. प्रबंधात ‘पेशींना ४ सीव्हर्ट’ लिहिलेलं दिसलं तर तो पूर्ण परिच्छेद परत लिहायला द्या.

टीएलडी बॅज (अंगावर आलेला डोस मोजणारा बिल्ला) मिळाला असेल तर तो छातीवर, स्वतःचाच. बॅगेत, ड्रॉवरमध्ये किंवा धुवायला टाकलेल्या एप्रनच्या खिशात नाही. विद्यार्थिनी गर्भवती असेल तर तिने संकोच न करता सांगावं, असं वातावरण विभागात असायला हवं. काम बंद करायची गरज नसते, नियोजन बदलावं लागतं.

## टप्पा ६: प्रत्यक्ष डोसचा दिवस

आदल्या दिवशी रिकाम्या फ्लास्क घेऊन पूर्ण फेरी मारा: विभागातून स्रोतापर्यंत, थांबणं, परत. किती मिनिटं लागली ते लिहा. ही कोरडी फेरी टाळणाऱ्यांचा खरा दिवस हमखास फसतो.

प्रत्येक डोसला किती पेशी टाकायच्या हे आधी ठरवा. सगळ्या प्लेटांत २०० टाकणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. एफिशियन्सी ०.६ असताना ६ ग्रेला शंभरातल्या पाचच पेशी जगणार असतील, तर २०० पेशींतून सहा कॉलन्या येतील आणि सहावर काही सिद्ध होत नाही. शंभरेक कॉलन्या हव्यात तर १०० भागिले (०.६ गुणिले ०.०५), म्हणजे सुमारे ३,३०० पेशी टाकाव्या लागतात. ४ ग्रेला वीस टक्के जगतील असा अंदाज असेल तर सुमारे ८३०. अंदाज चुकू शकतो, म्हणून प्रत्येक डोसला दोन वेगवेगळ्या संख्या ठेवा.

नेताना फ्लास्कची झाकणं घट्ट लावा. सीओटू इन्क्युबेटरबाहेर माध्यम जांभळट होत जातं, म्हणजे आम्लता बदलते. फ्लास्क काठोकाठ भरल्या तर डचमळणंही थांबतं. मे महिन्यात रिक्षाच्या मागच्या सीटवर नुसता डबा ठेवून नेऊ नका. थर्मोकोलच्या पेटीत तापमापक ठेवा आणि आकडे लिहा. सगळे डोस त्याच तापमानाला झाले पाहिजेत. काही बर्फावर आणि काही खोलीत, असं झालं तर दुरुस्तीचा वेग बदलतो.

शून्य ग्रेची फ्लास्क याच पेटीतून सोबत जाते, सगळ्यात जास्त डोसवाल्या फ्लास्कइतकाच वेळ यंत्राच्या खोलीत थांबते आणि सोबत परत येते. इन्क्युबेटरमध्ये आरामात राहिलेली फ्लास्क कंट्रोल नव्हे.

पेशी आधी प्लेटमध्ये टाकून मग डोस देणार असाल तर त्या चिकटल्यावर, पण विभागायला लागण्याआधी द्या. एकाच्या दोन झाल्यावर डोस दिला तर सुरुवातीचा आकडाच खोटा ठरतो.

वहीत त्याच जागी लिहायचं: स्रोत, तारीख, त्या दिवसाचा डोस रेट आणि तो कसा काढला, नमुन्याची जागा, थर, तापमान, सुरुवात आणि शेवटची वेळ, यंत्र चालवणाऱ्याचं नाव. घरी जाऊन आठवून लिहिलेलं पान ग्राह्य धरू नका.

## टप्पा ७: मोजणी आणि आलेख

प्लेटांवर डोस लिहू नका, सांकेतिक क्रमांक टाका. यादी दुसऱ्याकडे ठेवा. ‘ही ६ ग्रेची आहे’ असं माहीत असलं की ४५ पेशींचा पुंजका नकळत सुटतो, आणि शून्य ग्रेच्या प्लेटवर तोच मोजला जातो.

३,००० पेशींतून ७५ कॉलन्या आल्या तर जगण्याचं प्रमाण ७५ भागिले (३,००० गुणिले ०.६), म्हणजे सुमारे ०.०४२. एफिशियन्सी विसरून थेट ७५ भागिले ३,००० केलं तर ०.०२५ येतं.

उभा अक्ष लॉगमध्ये. डोस निदान सहा: ०, १, २, ४, ६, ८. रेषीय-वर्गीय समीकरण बसवून अल्फा (डोसचा गुणक) आणि बीटा (डोसच्या वर्गाचा गुणक) काढा, पण तीन बिंदूंवर वक्र ओढून ‘अल्फा-बीटा गुणोत्तर ८.७३’ असं दशांशांसह लिहू देऊ नका. आणि एकाच दिवसाच्या तीन प्लेटा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळे दिवस, तीन वेगळ्या खेपा. हे परीक्षकाला लगेच दिसतं, विद्यार्थ्याला मात्र पुन:पुन्हा सांगावं लागतं.

## टप्पा ८: वेळ उरला तर डायसेंट्रिक

रक्तातल्या लिम्फोसाइटमधले (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींमधले) डायसेंट्रिक, म्हणजे एकाऐवजी दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला भाग) असलेले गुणसूत्र मोजणं ही अपघातात डोस ओळखण्याची प्रमाण पद्धत आहे. ज्या विभागात पेशी-जनुकशास्त्राचा जुना हात आहे, त्यांनी नक्की करावी.

हेपरिनच्या नळीत रक्त, ३७ अंशांना डोस, त्यानंतर दोन तास ३७ अंशांनाच ठेवणं आणि मग पीएचए (लिम्फोसाइटना विभागायला लावणारं द्रव्य) घालून ४८ तासांचं कल्चर. कुणी ‘पेशी जास्त मिळतील’ म्हणून ७२ तास ठेवतो. तोवर बऱ्याच पेशी दुसऱ्या विभाजनात शिरलेल्या असतात आणि डायसेंट्रिक हरवतात. फक्त ४६ सेंट्रोमिअर भरणाऱ्या पेशीच मोजा, आणि डायसेंट्रिकसोबत सेंट्रोमिअर नसलेला तुकडा आहे ना, हे पाहा. डोस नसलेल्या रक्तात हजार पेशींमागे एक-दोनच सापडतात. कोबाल्टच्या २ ग्रेला ढोबळमानाने चार पेशींमागे एक. कंट्रोलमध्येच शंभरात पाच दिसू लागले तर एकमेकांवर पडलेली गुणसूत्रं मोजली जात आहेत.

## टप्पा ९: अर्ज

इथे आधी एक गैरसमज. जीवशास्त्राचा विद्यार्थी रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होऊ शकत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि वर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा अभ्यासक्रम लागतो. प्रवेशाच्या वेळीच हे सांगा.

जीवशास्त्रवाल्यांची वाट पीएच.डी.तून जाते. भाभा केंद्रातलं संशोधन होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या पदवीसाठी करता येतं. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात) कर्करोगाच्या बाजूचं काम आहे आणि तिथे प्रोटॉन उपचारही होतात. केरळात कोल्लमला मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक रेडिएशन जास्त आहे, तिथल्या लोकसंख्येवर भाभा केंद्राची प्रयोगशाळा अभ्यास करते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात जड आयनांचा मारा पेशींवर करता येतो. बीमटाइमसाठी, म्हणजे यंत्रावरच्या वेळेसाठी, विद्यापीठाच्या शिक्षकाने प्रस्ताव द्यायचा असतो, आणि महाराष्ट्रातल्या विभागांनी तो जास्त द्यायला हवा. नेटची तयारी तिसऱ्या सत्रापासून समांतर चालू ठेवा. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) हातात असली की प्रयोगशाळा निवडण्याची मोकळीक मिळते.

प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्रात ‘मला रेडिएशनची आवड आहे’ हे वाक्य नको. तीन गोष्टी पुरतात: कोणत्या पेशींवर हात बसलाय आणि प्लेटिंग एफिशियन्सी किती येते, कोणत्या स्रोतावर किती डोस रेटने काम केलं, आणि त्या प्रयोगशाळेच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातली कोणती गोष्ट पुढे न्यायचीय. सोबत जगण्याचा एक आलेख जोडा, त्रुटीच्या रेघांसह. एकाच मजकुराचं पत्र वीस जणांना एकाच ईमेलमध्ये पाठवलं, की त्या वीस जणांना ते दिसतं.

मुलाखतीला मूळ वही न्यायची, झेरॉक्स नव्हे. खाडाखोड, फसलेल्या प्लेटा, बदललेल्या वेळा, सगळं तसंच असू द्या. प्रश्न विचारणारे आधी डोसच्या दिवसाचं पान उघडायला सांगतात.